न सापडलेल्या सरदाराची सत्तेचाळीस वर्षं

सिराक्यूज विद्यापीठाचा ऑटो तुमच्यापैकी काहींनी रील्समध्ये पाहिला असेल. गोल गरगरीत केशरी संत्रं, त्याला हातपाय, डोक्यावर निळी टोपी. मॅचच्या वेळी धिंगाणा घालतो, लहान पोरं खूश. मलाही तो आवडतो. पण विद्यापीठाचा मॅस्कॉट म्हणून एक फळ का निवडलं, हे शोधायला गेलो आणि भलतीच गोष्ट हाती लागली. पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

सिराक्यूज हे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं शहर. विद्यापीठ १८७० सालचं, केशरी रंग घेतला १८९० मध्ये. शहराची जुनी ओळख मिठाची. तिथल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढायचे, म्हणून त्याला ‘सॉल्ट सिटी’ म्हणत. आणि ही सगळी भूमी मुळात ओनोंडागा या आदिवासी राष्ट्राची. हॉडेनोशोनी नावाच्या सहा राष्ट्रांच्या संघात मधला अग्नी सांभाळायचा मान त्यांचा. हे लोक कुठे नाहीसे वगैरे झालेले नाहीत. शहराच्या दक्षिणेला काही मैलांवर ते आजही स्वतःच्या भूमीवर राहतात. त्यांचे प्रमुख आजही कुळमाता निवडतात.

आता १९३१ मध्ये या. विद्यापीठाच्या ‘ऑरेंज पील’ या विनोदी मासिकात एक लेख छापून आला. १९२८ साली मुलींच्या व्यायामशाळेसाठी खोदकाम चालू असताना सोळाव्या शतकातल्या एका ओनोंडागा सरदाराचे अवशेष सापडले, असं त्यात लिहिलं होतं. जागा दिलेली, साल दिलेलं, सगळं कसं व्यवस्थित. या सरदाराचं नाव पडलं ‘सॉल्टीन वॉरियर’, म्हणजे मिठाच्या गावचा योद्धा.

असा सरदार कधी सापडलाच नव्हता. सगळी थाप होती.

पण थाप टिकली. १९५१ च्या बॅचने त्याचा पुतळा करून घेतला. लुईझ कैश या शिल्पकार बाईंनी तो घडवला, आकाशाकडे बाण रोखलेला धनुर्धारी. पुढे पन्नासच्या दशकात एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पोरासाठी योद्ध्याचा पोशाख शिवून दिला. मग काय, दर फुटबॉल मॅचला एक गोरा मुलगा तो पोशाख घालून मैदानावर उड्या मारणार, आरोळ्या ठोकणार, हे ठरूनच गेलं. वीसेक वर्षांत ती ‘आपली परंपरा’ झाली.

आता याच्या शेजारी खरा इतिहास ठेवून बघा. लॅक्रॉस हा खेळ मुळात याच हॉडेनोशोनी लोकांचा. त्यांच्याकडे तो निव्वळ खेळ नाही, धार्मिक विधीसारखा मानाचा आहे. १९५७ मध्ये सिराक्यूजचा लॅक्रॉस संघ एकही सामना हरला नाही. त्या संघात पुढे फुटबॉलमध्ये गाजलेला जिम ब्राउन होता, आणि गोलकीपर होता ओरेन लायन्स, ओनोंडागा राष्ट्राचाच मुलगा. म्हणजे खरा ओनोंडागा खेळाडू विद्यापीठाला जिंकून देत होता, आणि त्याच विद्यापीठात ओनोंडागा म्हणून नाचत होता भलताच कोणीतरी. हेच लायन्स पुढे आपल्या लोकांचे धर्मरक्षक झाले आणि या सोंगाविरुद्ध बोलले.

सत्तरच्या दशकात तिथल्या आदिवासी विद्यार्थ्यांनी आवाज उठवला. त्यावर उत्तर आलं ते आपल्यालाही पाठ आहे: आमचा हेतू वाईट नाही, आम्ही तर सन्मानच करतोय. मला इथे एक साधा प्रश्न पडतो. सन्मान ज्याचा करायचा त्याला एकदा तरी विचारलं होतं का? शेवटी १९७८ मध्ये विद्यापीठाने सॉल्टीन वॉरियर बंद केला.

त्यानंतरचा काळ गमतीचा आहे. आधी रोमन ग्लॅडिएटर आणला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवून त्याला घालवला. मग ऐंशीच्या दशकात विद्यार्थ्यांमधूनच हे संत्रं आलं. रंग केशरी, तर मॅस्कॉट संत्रं, इतका सरळ हिशोब. १९९० मध्ये चिअरलीडर मुलामुलींनी त्याचं नाव ऑटो ठेवलं. तरी अधिकाऱ्यांना ते पोरकट वाटायचं. नवा मॅस्कॉट शोधायला समिती नेमली, लांडगा, सिंह असे पर्याय आले. विद्यार्थी मात्र संत्र्यावर अडून बसले, आणि डिसेंबर १९९५ मध्ये कुलपती केनेथ शॉ यांनी ऑटोला अधिकृत केलं. योद्धा गेल्यापासून सतरा वर्षांनी!

हे सगळीकडे इतकं सुरळीत झालं नाही. इलिनॉय विद्यापीठात १९२६ पासून ‘चीफ इलिनिवेक’ नाचत होता. २००५ मध्ये अमेरिकेच्या विद्यापीठ क्रीडा संघटनेने अशा प्रतीकांवर निर्बंध आणले, तेव्हा कुठे २००७ मध्ये तो थांबला.

सिराक्यूजने पुढचं पाऊलही टाकलं. २००५ मध्ये हॉडेनोशोनी राष्ट्रांतल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी शिक्षण, राहणं आणि जेवण यांचा खर्च उचलणारी शिष्यवृत्ती जाहीर केली. माझ्या मते खरा सन्मान हा. पिसांचा टोप घालून नाचण्यापेक्षा त्या घरातलं पोर वर्गात बसलेलं जास्त चांगलं.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, जागा आणि साल टाकून छापलेली थाप एका पिढीत इतिहास बनते. तेव्हा मासिक होतं, आता आपल्या हातात व्हॉट्सअ‍ॅप आहे. दोन, परंपरा बदलली म्हणून काही बुडत नाही. आज ऑटोसाठी ओरडणाऱ्या पोरांना त्या योद्ध्याचं नावही माहीत नसेल, आणि त्यांचा उत्साह तसूभरही कमी झालेला नाही.

आता आपल्याकडे बघा. आपल्या गावच्या, शाळेच्या, मंडळाच्या किती ‘पूर्वापार’ गोष्टींचं मूळ आपण कधी तपासलंय? आणि त्यात ज्यांचं सोंग काढलं जातं, त्यांना कधी विचारलंय? कमेंटमध्ये नक्की लिहा. भांडू नका, पण लिहा.