गुरवाचा दिवा, तारतंत्रीचा परवाना

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात भर दुपारीही छतावरची शिल्पे बघायची तर नजर आधी अंधाराला सरावू द्यावी लागते. बाहेरून ताराकृती, सुमारे 105 फूट लांब अशी ही दगडी वास्तू. आत उजेड किती यावा, अभिषेकाचे पाणी कुठून बाहेर पडावे, हे बांधतानाच ठरलेले. लोणारच्याच उल्काविवराच्या काठावर गोमुखाची बारमाही धार आहे. तिथेही झऱ्याचे पाणी कुंडात घेणारी आणि पुढे उताराला लावणारी दगडी व्यवस्था आहे. आज मोठ्या सरकारी रुग्णालयात लिफ्ट, वातानुकूलन, आगीची सूचना, पंप आणि जनरेटर एकाच पडद्यावर दिसतात, त्याला आपण एकात्मिक यंत्रणा म्हणतो. साधने नवी आहेतच. पण इमारतीचा उजेड आणि पाणी एकाच माणसाच्या नजरेखाली असणे जुनेच आहे. वऱ्हाडातल्या गावदेवळात ती नजर गुरवाची असे. दिवाबत्ती, झाडलोट, देवाचे पाणी, पावसाळ्यात कुठे गळते आहे, हे सगळे तोच पाहायचा. मधल्या काळात सरकारने या कामाचे तुकडे केले. यंत्रांनी ते पुन्हा सांधले, पण नोकरीच्या जाहिरातीतली पात्रता अजून तुकड्यांतच अडकली आहे, असे माझे म्हणणे आहे.

तुकडे पडायला सुरुवात कधी झाली, याच्या तारखा सापडतात. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले, आणि त्याच 1854 मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. या वर्गाचा हेतू विद्वान घडवण्याचा नव्हता. खात्याला दुय्यम दर्जाचे कामगिरीदार हवे होते. सरकारी इमारतीची निगा राखणारा माणूस परीक्षा देऊन यावा, ही कल्पना इथून रुजली. पुढे वीज आली, 1910 चा कायदा आला, आणि 1956 च्या वीज नियमांनी पात्रतेची उतरंडच बांधली. ठेकेदाराला अनुज्ञप्ती, त्याच्या कामावर नजर ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाला सक्षमतेचे प्रमाणपत्र, आणि प्रत्यक्ष तार जोडणाऱ्याला परवाना. 1950 पासूनच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेने आयटीआयमधून व्यवसायांची नावेच वेगळी पाडली: वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता. (सरकारी मराठीने घडवलेल्या शब्दांत ‘जोडारी’ इतका गोड शब्द विरळाच, पण फाटकाबाहेर पडताच तो फिटर होतो.) बांधकाम खात्यातही स्थापत्य आणि विद्युत या शाखा वेगळ्या झाल्या. स्लॅब गळून पाणी पॅनेलमध्ये उतरले, तर ते काम नेमके कोणत्या शाखेचे, यावर कागद फिरत राहतो.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप रास्त आहे, आणि त्याला बगल देता येणार नाही. गुरवाची पात्रता म्हणजे जन्म. दुसऱ्या जातीतला मुलगा कितीही हुशार असला तरी त्या दिव्याला हात लावू शकत नव्हता. महाराच्या मुलाला तर गाभाऱ्याच्या जवळपासही फिरकता येत नव्हते. परवान्याने हे दार मोडले. आठवी झालेला मुलगा आयटीआयमध्ये तारतंत्रीचा अभ्यासक्रम घेऊ शकतो, आणि तिथे त्याचे आडनाव परीक्षेला बसत नाही. दुसरा आक्षेपही तितकाच खरा: वीज घराणे ओळखत नाही. तीन फेजच्या पुरवठ्यावर अंदाजाने हात घालणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही. म्हणून कागद काढून टाका, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. गुरवाच्या वंशपरंपरागत वतनाची बाजू मला घ्यायचीच नाही. वतन गेले हे बरेच झाले, पण त्याच्यासोबत आणखीही एक गोष्ट निघून गेली. ती म्हणजे जागेची ओळख. ही ओळख जन्माने मिळत नव्हती, सतत त्याच जागी राहून मिळत होती. वतनाच्या पद्धतीत या दोन गोष्टी चिकटलेल्या होत्या. त्या वेगळ्या करण्याऐवजी आपण दोन्ही टाकून दिल्या.

जागेच्या ओळखीला ज्ञान म्हणावे का, असे कोणी विचारील. लोणारमध्येच याचे उत्तर आहे. विवरातल्या सरोवराच्या काठावर क्षार गोळा करणाऱ्यांनी क्षारांच्या जाती पाडल्या होत्या: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. रसायनशास्त्रज्ञांनी त्या क्षारांचे पृथक्करण केले ते नंतर, आणि ज्या ढिगांवर केले ते या नावांनीच आधी वेगळे झालेले होते. पृथक्करणाने सोडा किती आणि मीठ किती हे सांगितले. कोणता थर कधी उचलायचा, हे मात्र काठावरच्याच माणसाला ठाऊक होते. जागेच्या ओळखीचे हे मोल सरकारलाही अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. महाराष्ट्रात 1967 च्या कालेलकर करारानुसार बांधकाम खात्यातल्या रोजंदारीवरच्या माणसाला पाच वर्षे सलग काम केल्यावर ‘रूपांतरित अस्थायी आस्थापने’वर घेतले जाऊ लागले. कामगारांच्या दृष्टीने तो हक्काचा प्रश्न होता. पण माझ्या मते त्यात पात्रतेचाही एक विचार दडलेला होता: त्याच रस्त्यावर, त्याच पंपघरात काढलेली पाच वर्षे हीसुद्धा एक परीक्षाच. 2015 नंतर केंद्राच्या कौशल्य योजनेत पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय आली, तीही याच वाटेने.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. अनुभवाला पात्रता मानले की मागचे दार उघडते. ओळखीचा माणूस रोजंदारीवर लावायचा, पाच वर्षे ठेवायचा आणि मग कायम करायचा. 2006 मध्ये उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या वाटेला मोठा अडसर घातला. सरकारी नोकरी खुल्या स्पर्धेतूनच, असे ठणकावून सांगितले. न्यायालयाचे चूक नव्हते. पण त्या निकालाने प्रवेशाचे दार बंद केले, शिकण्याचे नव्हे. खुल्या परीक्षेतून आलेल्या वीजतंत्र्याला एखाद्या इमारतीची नियंत्रण यंत्रणा सोपवण्याआधी जाणाऱ्या माणसाच्या हाताखाली ठरावीक महिने काढायला लावले, तर कोणाच्याही समान संधीला धक्का लागत नाही. एकात्मिक यंत्रणेला तर याची गरज अधिक आहे. आगीच्या सूचनेने लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबते आणि त्याच वेळी पंखे बंद होतात की धूर ओढायला सुरू होतात, हे प्रत्येक इमारतीत वेगळे बसवलेले असते. ते कोणत्याही एका व्यवसायाच्या अभ्यासक्रमात पुरते मावत नाही.

सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या चतुर्थ श्रेणीतल्या पदांचे ‘बहुकार्य कर्मचारी’ असे एकत्र नाव झाले, आणि पात्रता दहावी किंवा आयटीआय ठरली. गुरवाचे सगळे काम एका शब्दात परत आले, पण जागेची ओळख त्यात आली नाही. ती कुठे हरवते हे पाहायचे तर कोणत्याही सरकारी इमारतीत बदलीच्या दिवशी भरली जाणारी चार्ज यादी उघडावी. चाव्या किती, डेडस्टॉक रजिस्टर कोणत्या पानापर्यंत, मल्टीमीटर एक, शिडी एक, हे सगळे लिहिलेले असते, खाली दोघांच्या सह्या. तळघरातला कोणता व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो आणि पहिल्या पावसात कोणता सेन्सर विनाकारण ओरडतो, यासाठी त्या यादीत रकाना नाही.