प्रिन्स्टन जंक्शनपासून वीस मिनिटांवर

वेस्ट विंडसरमध्ये राहत असाल, किंवा तिथल्या कुणा मावशीकडे गणपतीला गेला असाल, तर प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन तुम्हाला माहीत असणार. न्यू यॉर्कला जाणारे आपले निम्मे काका-मामा सकाळी तिथेच भेटतात. याच स्टेशनजवळच्या एका साध्या घरात जॉन नॅश अनेक वर्षं राहत होता. 'अ ब्युटिफुल माइंड' सिनेमातला तो गणितज्ञ, 1994 च्या नोबेलचा मानकरी. सिनेमा तुम्ही पाहिला असेल, पण एक गोष्ट त्यात फारशी येत नाही. 1961 मध्ये नॅशला जिथे सक्तीने दाखल केलं गेलं, ते ट्रेंटनचं सरकारी मनोरुग्णालय या स्टेशनपासून गाडीने साधारण वीस मिनिटांवर आहे. तिथे त्याला आठवडेच्या आठवडे इन्शुलिन देऊन कोमात नेत आणि परत शुद्धीवर आणत. तेव्हा हा मान्यताप्राप्त उपचार होता.

नोबेल मिळाल्यावर नॅशने स्वतःबद्दल एक छोटा लेख लिहिला. न्यू जर्सीतल्या रुग्णालयांमध्ये आपण कधीच मर्जीने गेलो नाही, आणि दर वेळी कायद्याच्या आधारे सुटका मागत राहिलो, असं त्यात तो सांगतो. ते वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले होते. एवढा बुद्धिमान माणूस कायद्याचा मुद्दा मांडत होता, पण तो मांडायचा कुणापुढे? वॉर्डातल्या डॉक्टरपुढे? म्हणजे ज्याने कुलूप लावलं, त्याच्याकडेच किल्लीचा अर्ज करायचा.

आज सांगायची गोष्ट या 'कुणापुढे'चीच आहे. कुलूपबंद रुग्णालयाची पाहणी कोण करतं, तो काय बघतो, आणि त्याने लिहिलेलं शेवटी कुणाच्या टेबलावर जातं? ट्रेंटनच्या या एकाच आवाराला या प्रश्नाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवातच एका पाहणीतून झाली. 1844 मध्ये डोरोथिया डिक्स नावाची शिक्षिका न्यू जर्सीभर फिरली. मनोरुग्णांना ठेवायला तेव्हा वेगळी जागा नव्हती. ते तुरुंगात असत नाहीतर गरिबांसाठीच्या आश्रयगृहात. तळघरांत आणि साखळदंडांत जे दिसलं ते तिने लिहून काढलं आणि जानेवारी 1845 मध्ये राज्याच्या विधिमंडळापुढे ठेवलं. परिणाम झाला, आणि झटपट झाला: 1848 मध्ये हे रुग्णालय उघडलं. म्हातारपणी डिक्स तिथेच राहायला आली आणि 1887 मध्ये तिथेच गेली. तिचं काम मोठं होतं, यात वाद नाही. पण तिचा वाचक विधिमंडळ होतं, मागणी इमारतीची होती, आणि इमारत उभी राहिली. आत गेलेल्या माणसाने नंतर कुणाशी बोलायचं, हा प्रश्न त्या काळात कुणाला पडलाच नव्हता.

आता 1907 मध्ये येऊ. हेन्री कॉटन नावाचा तिशीतला डॉक्टर रुग्णालयाचा प्रमुख झाला. जर्मनीत शिकून आलेला, उत्साही, सुधारक. आल्या आल्या त्याने रुग्णांना बांधून ठेवायची साधनं काढून टाकली. तेव्हा कुणी वही घेऊन तपासणीला आलं असतं, तर साखळ्या नाहीत, स्वच्छता आहे, शस्त्रक्रियेची खोली अद्ययावत आहे, अशा सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करून परत गेलं असतं.

त्या शस्त्रक्रियेच्या खोलीत काय चाललं होतं? वेड हे शरीरात लपलेल्या जंतुसंसर्गामुळे होतं, असं कॉटनचं मत होतं. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने रुग्णांचे दात काढायला सुरुवात केली. दातांनी भागलं नाही की टॉन्सिल, आणि तरीही भागलं नाही की मोठ्या आतड्याचा भाग. प्रतिजैविकं अजून आलेली नव्हती, हे लक्षात ठेवून हे वाक्य पुन्हा वाचा. आतड्याच्या शस्त्रक्रियांनंतर शंभरातले तीसएक रुग्ण दगावतात, हे तो स्वतःच मान्य करत होता. मात्र एकूण 85 टक्के रुग्ण बरे होतात, असा त्याचा दावा होता. त्याने स्वतःच्या मुलांचेही दात काढवले, म्हणजे माणूस ढोंगी नव्हता. मला तेच जास्त भीतीदायक वाटतं.

आणि हे चोरून चाललेलं नव्हतं. 1921 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याला मानाच्या व्याख्यानमालेसाठी बोलावलं, व्याख्यानांचं पुस्तक विद्यापीठाच्याच प्रकाशनाने काढलं, आणि प्रस्तावना लिहिली अ‍ॅडॉल्फ मायरने. मायर म्हणजे जॉन्स हॉपकिन्सचा प्राध्यापक, त्या वेळच्या अमेरिकन मनोविकारशास्त्रातलं सर्वांत वजनदार नाव, आणि कॉटनचा गुरू.

दोन-तीन वर्षांत न्यू यॉर्कच्या संशोधकांनी तुलना करून दाखवलं की संसर्गाची ठाणी काढलेले आणि न काढलेले रुग्ण यांत फरक पडत नाही. कुजबुज वाढली, तेव्हा ट्रेंटनच्या आकड्यांची स्वतंत्र तपासणी करायचं ठरलं. मायरने या कामासाठी आपल्या हाताखालच्या तीस वर्षांच्या डॉक्टर फिलिस ग्रीनेकरला निवडलं. 1924 च्या शरद ऋतूत ती ट्रेंटनला आली.

ग्रीनेकरने जे केलं ते साधं होतं, पण तिच्याआधी ते कुणी केलं नव्हतं. तिने इमारत तपासली नाही, माणसं मोजली. कागदपत्रांत इतका गोंधळ होता की तिने रुग्णांची नावं काढून त्यांचा माग घेतला. घरी गेलेल्यांच्या घरापर्यंत गेली, खरंच बरे झालेत का ते पाहिलं आणि मेलेले किती ते मोजलं. वॉर्डांत तिला बिनदाताची माणसं दिसली. कवळी नसल्यामुळे त्यांना धड चावता येत नव्हतं आणि धड बोलताही येत नव्हतं. आतड्याच्या शस्त्रक्रियांतले मृत्यू कॉटनच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. आणि मुख्य निष्कर्ष असा: ज्यांच्यावर सर्वांत कमी उपचार झाले ते बरे झालेल्यांत सापडत होते, आणि ज्यांच्यावर सर्वांत जास्त झाले ते न सुधारलेल्यांत आणि मेलेल्यांत.

तिचं काम चालू असतानाच, 1925 मध्ये, सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या राज्य सिनेटच्या समितीपुढे माजी रुग्ण, नातेवाईक आणि परिचारिका येऊन बोलू लागल्या. मारहाण आणि नको म्हणत असताना केलेल्या शस्त्रक्रिया, असं सगळं त्यांनी सांगितलं. म्हणजे 1926 च्या सुरुवातीला ग्रीनेकरचा अहवाल तयार झाला, तेव्हा तो ऐकायला बाहेर कान होते. पण अहवाल गेला मायरकडे. मायरने कॉटनला बोलावलं, बैठक झाली, कॉटन चिडला, आणि मायर गप्प बसला. अहवाल कधीच छापला गेला नाही आणि ट्रेंटनमध्ये शस्त्रक्रिया चालू राहिल्या. कॉटन 1930 पर्यंत प्रमुख होता. 1933 मध्ये तो गेला, तेव्हा मायरने मृत्युलेखात त्याची वाखाणणी केली. इतिहासकार अँड्र्यू स्कल यांनी 2005 मध्ये या प्रकरणावर 'मॅडहाउस' हे पुस्तक लिहिलं, तोवर बाहेरच्या जगाला हे जवळजवळ माहीतच नव्हतं.

मी पीएचडी करत असताना हे प्रकरण वर्गात शिकवलं जायचं ते 'वाईट विज्ञानाचं' उदाहरण म्हणून. मला ते अर्धवट वाटतं. विज्ञान चुकलं होतं हे तर तपासणीने दीड वर्षात शोधून काढलं होतं! तपासणी उत्तम झाली होती. तिचा एकच वाचक होता, आणि तो आरोपीचा गुरू होता.

मग बदल कुठून आला? बराचसा रुग्णांकडून, आणि कोर्टातून. न्यू जर्सीने 1965 मध्ये मनोरुग्णांच्या हक्कांचा कायदा केला आणि 1975 मध्ये तो विस्तारला. स्वतःचे कपडे घालणं, पत्र पाठवणं, फोन करणं, भेटायला येणाऱ्यांना भेटणं आणि मोकळ्या हवेत जाणं हे सगळं त्यात हक्क म्हणून लिहिलेलं आहे. विजेचे झटके किंवा मेंदूवर शस्त्रक्रिया संमतीशिवाय करता येत नाहीत. 1975 मध्येच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रॉल खटल्यात सांगितलं की वेडामुळे निर्दोष सुटलेल्या माणसालाही आपोआप डांबता येणार नाही. तो धोकादायक आहे हे दाखवावं लागेल.

आणि 1977 च्या डिसेंबरमध्ये जॉन रेनी. हा एकेकाळचा वैमानिक तेव्हा दक्षिण न्यू जर्सीतल्या अँकोरा रुग्णालयात होता. जबरदस्तीने दिल्या जाणाऱ्या औषधांविरुद्ध तो फेडरल कोर्टात गेला. ही औषधं कॉटनच्या सुरीसारखी नव्हती. अनेकांना त्यांनी खरोखर बरं वाटत होतं, पण शरीराची कायमची थरथर मागे ठेवण्याची शक्यताही त्यांच्यात होती. न्यायाधीश स्टॅन्ली ब्रॉटमन यांनी औषध नाकारण्याचा घटनात्मक हक्क मान्य केला. पुढे त्यांनी रुग्णांसाठी वकिली करणारी माणसं नेमायला आणि सक्तीआधी रुग्णालयाबाहेरच्या स्वतंत्र मनोविकारतज्ज्ञाचं मत घ्यायला सांगितलं. मात्र 1983 पर्यंत अपिलांमध्ये यातलं बरंच गळून गेलं. हक्क राहिला, पण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आपसात आढावा घेतला तरी पुरे, असं ठरलं. पुन्हा किल्लीवाल्याकडेच अर्ज.

या खटल्याचं नाव 'रेनी विरुद्ध क्लाइन'. क्लाइन म्हणजे तेव्हाच्या मानवसेवा आयुक्त अ‍ॅन क्लाइन. आज ट्रेंटनच्या त्या जुन्या रुग्णालयाजवळ, फौजदारी खटल्यांतले मनोरुग्ण ठेवण्यासाठी राज्याचं जे कडेकोट बंदोबस्ताचं रुग्णालय आहे, त्याला त्यांचंच नाव आहे. त्यांच्यावर टीका म्हणून हे सांगत नाही. पदावर जो असतो त्याचं नाव खटल्याला लागतं. पण त्या पाटीवरून जाताना मला दर वेळी आधी खटलाच आठवतो.

गोष्ट तिथे थांबली नाही. 1986 च्या फेडरल कायद्याने प्रत्येक राज्यात मनोरुग्णांसाठी अशी संस्था उभी झाली जिला वॉर्डात शिरण्याचा, कागद बघण्याचा आणि खटला भरण्याचा अधिकार आहे. न्यू जर्सीत ते काम डिसॅबिलिटी राइट्स न्यू जर्सी करते. 2010 मध्ये तिने सक्तीच्या औषधांचा प्रश्न पुन्हा कोर्टात नेला आणि राज्याला नियम बदलावे लागले. 2015 मध्ये अपील कोर्टाने रुग्णांच्या एका गटाबद्दल सांगितलं की तातडीची वेळ नसेल तर न्यायाधीशासमोर सुनावणी झाल्याशिवाय त्यांना जबरदस्तीने औषध देता येणार नाही. हा गट कोणता? ज्यांना आता डांबून ठेवायचं कारण उरलेलं नाही असं कोर्टानेच सांगितलंय, पण बाहेर राहायला जागा नाही म्हणून जे अजून आतच आहेत.

इथे मला ठाणे आठवतं. घरी तुम्ही 'याला ठाण्याला भरती करा' हे ऐकलं असेल. पुण्याकडचे असाल तर 'येरवड्याला'. आपण हसतो आणि पुढे जातो. ब्रिटिशांच्या 1912 च्या कायद्यात या इस्पितळांसाठी 'व्हिजिटर' होते. त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन सगळी जागा फिरायची, शक्य तितक्या रुग्णांना बघायचं, वहीत शेरा लिहायचा. ती वही राहायची इस्पितळातच. 2017 चा भारताचा मानसिक आरोग्य सेवा कायदा कागदावर न्यू जर्सीच्या पुढे जातो: सक्तीने डोकं भादरायचं नाही, गणवेश लादायचा नाही, साखळदंड नाहीत, भूल दिल्याशिवाय झटके नाहीत, आणि तक्रार ऐकायला न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन मंडळं. कायदा आल्यानंतरही ठाण्याच्या रुग्णालयात बारा वर्षांच्या आसपास अडकून पडलेल्या एका बाईंचं प्रकरण मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना उच्च न्यायालयात न्यावं लागलं. मग कोर्टाने सरकारला मंडळांचं काय झालं ते विचारलं आणि वर्षानुवर्षं आत असलेल्यांचा आढावा घ्यायला लावला. त्याही बाईंना आत ठेवायचं वैद्यकीय कारण उरलेलं नव्हतं.

तुमच्यापर्यंत हे कधी येईल? बहुतेक रात्री, फोनवरून. न्यू जर्सीत कुणाला सक्तीने दाखल केलं, तर वीस दिवसांच्या आत न्यायाधीशासमोर सुनावणी व्हावी लागते आणि रुग्णाला वकील मिळतो. नॅशला 1961 मध्ये जे हवं होतं, जवळपास तेच. आता समजा, रुग्ण म्हणजे इथे मुलाकडे राहायला आलेली तुमची आजी आहे, आणि घाबरल्यावर तिला मराठीशिवाय काही सुचत नाही. घरात इंग्रजी सर्वांत चांगलं तुमचं, म्हणून सगळे तुमच्याकडेच बघतील. तेव्हा कोर्टाचा दुभाषा मागा. तो फुकट मिळतो, आणि फोनवरून का होईना, मराठीचाही मागता येतो. तुम्ही स्वतः भाषांतराला बसू नका. तिला दाखल करा असं सांगणाऱ्यांत कदाचित तुमचे आईवडील असतील, कदाचित तुम्हीही, आणि 'मला घरी जायचंय' याच्या आधी ती काय म्हणाली, तेही न्यायाधीशाला जसंच्या तसं ऐकू जायला हवं.