जीपचं इंजिन कोणत्या सालात परत न्यायचं?

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, हे गॅरेजचं काम, इतिहासाच्या व्याख्यानात कशाला? पण जुनी जीप बांधायला काढली की पाना कुठून लावायचा हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवावं लागतं की हे इंजिन कोणत्या सालात परत न्यायचं आहे. आणि ते रंगाचा डबा उघडायच्या आधी ठरवावं लागतं, कारण रंग एकदा बसला की खालचं सगळं झाकलं जातं.

आपण पवईत बसलोय. इथून लिंक रोडनं हायवेला लागायचं आणि उत्तरेकडे गेलं की कांदिवलीला महिंद्राचा कारखाना. म्हणजे हा इतिहास तसा आपल्या अंगणातलाच आहे.

1945 साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम महंमद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. कैलाशचंद्र अमेरिकेत असताना त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. रूस हे विलीज कंपनीचे इंजिनिअर. विलीजचं चार सिलिंडरचं जुनं इंजिन 48 अश्वशक्तीचं होतं. रूसनी ते तेवढ्याच आकारात, 2.2 लिटरमध्ये, 60 वर नेलं. हेच 'गो डेव्हिल'. युद्धात फोर्डनंही जीप बनवल्या, पण इंजिनाचा आराखडा विलीजचाच. म्हणून फोर्डच्या जीपच्या 'जीपीडब्ल्यू' या नावातला 'डब्ल्यू' विलीजचा आहे.

युद्धानंतर विलीजच्या जीप सुट्या भागांत मुंबईत यायला लागल्या आणि माझगावला जोडल्या जायला लागल्या. पुढे 'हरिकेन' इंजिन आलं. याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट मात्र खाली ब्लॉकमध्येच. त्यामुळे ताकद वाढली आणि उंचीही. बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उचललं! आपल्याकडे तहसीलदारापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत जी उंच नाकाची जीप सगळ्यांनी पाहिली, त्या सीजे-थ्री-बीचं नाक उंच का, तर या इंजिनामुळे.

आता खरी आपली गोष्ट. 1973 नंतर पेट्रोल भडकलं आणि पेट्रोल पिणारी जीप पोसणं अवघड झालं. कांदिवलीला इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं ट्रॅक्टर बनत होते. त्या बी-275 ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन महिंद्रानं जीपमध्ये बसवलं. आवाज असा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलायचं. नंतर प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन आलं, ते इगतपुरीला बनायचं. कंपनी नव्या गाड्यांत जे करत होती, तेच गावोगावचे मेकॅनिक जुन्या गाड्यांत करत होते: पेट्रोल इंजिन उतरवायचं, डिझेल चढवायचं, माउंटिंग कापून नवीन वेल्डिंग मारायचं. साताऱ्या-कोल्हापुराकडची वडाप जीप चालली ती डिझेलवर. पेट्रोलवर तो धंदा परवडलाच नसता.

इंजिन खोललं की हा सगळा हिशेब हातात येतो. पिस्टनच्या माथ्यावर आकडा ठोकलेला असतो: 20, 30, 40. म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, मेकॅनिकच्या भाषेत 'थाऊ'मध्ये, बोअर किती मोठं केलंय ते. क्रँकच्या बेअरिंगच्या पाठीवरही असाच आकडा. पिस्टनवर 40 दिसलं तर ब्लॉक बराच खरवडला गेलाय. कधी कधी पुढचा मार्ग फक्त स्लीव्ह. टायमिंगला साखळी असेल तर इंजिन युद्धकाळातलं किंवा त्याच्या अगदी जवळचं, गिअर असतील तर नंतरचं. एवढं वाचून झाल्याशिवाय ब्लॉक कॉस्टिकच्या पिंपात टाकू नका, इतकंच माझं म्हणणं. जुन्या रंगाचे थर त्या पिंपात एका रात्रीत जातात. आधी फोटो काढा, एखादा कोपरा खरवडून खालचे थर मोजा.

रंगाचं म्हणाल तर फोर्डनं बांधलेली युद्धातली इंजिनं करड्या रंगाची. आपल्या गॅरेजचा लाडका रंग मात्र चंदेरी, इंजिन कुठलंही असो. (हशा) रंग द्यायच्या आधी तेलकटपणा पूर्ण गेला पाहिजे, पॅकिंग बसतं ते तोंड कोरं राहिलं पाहिजे, आणि एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला साधा इनॅमल मारू नये, पहिल्याच फेरीत जळतो. इंजिन नंबराच्या जागेवर तर जाड थर नकोच. आरसी बुकातला नंबर तिथं वाचता आला पाहिजे.

कारण आता कायदाही या प्रश्नात आलाय. 2021 साली केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम केले: 50 वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, इंजिन, चासी, बॉडीत मोठा फेरफार नसलेली. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. ऐकायला छान. पण यात आपली डिझेलवाली जीप कुठं बसते? जिनं चाळीस वर्षं महाराष्ट्रातले रस्ते तुडवले ती 'मूळ' नाही, आणि जिचं इंजिन कधी बदललंच नाही, कारण ती कुणाच्या बंगल्यात झाकून ठेवली होती, ती मूळ. नियम करणाऱ्यांचा हेतू मला कळतो, बनावट जुन्या गाड्यांना आळा हवाच. तरी त्या व्याख्येपायी आज चांगली चालती डिझेल इंजिनं उतरवून भंगारात घातली तर साखळीतला नेमका आपला दुवा तुटेल.

म्हणून माझा सल्ला असा: पेट्रोल इंजिन परत बसवायचंच असेल तर बसवा, पण उतरवलेलं डिझेल इंजिन नंबरासकट जपून ठेवा, त्याचे आकडे वहीत लिहा, कापलेल्या माउंटिंगचा फोटो काढा. आणि डिझेलच ठेवणार असाल तर त्याला युद्धातला रंग देऊ नका. ते कांदिवलीचं आहे, तसंच दिसू द्या.