वेताळाचा अखेरचा प्रश्न

वेताळपंचविशी आपण बालपणी ऐकली. परंतु तिच्या अखेरीकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन निघतो. वाटेत वेताळ एक कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. राजाने उत्तर दिले की मौन मोडते आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राजाला सापडत नाही. तो निरुत्तर होऊन मुकाट्याने चालू लागतो आणि वेताळ प्रसन्न होतो तो त्या मौनावरच. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी मालिकेचा इतिहास वाचताना मला ही कथा वारंवार आठवली.

त्या मालिकेचे नाव ‘ट्विन पीक्स’. चित्रपट दिग्दर्शक डेव्हिड लिंच आणि लेखक मार्क फ्रॉस्ट हे तिचे निर्माते. ८ एप्रिल १९९० रोजी एबीसी या वाहिनीने तिचा पहिला भाग दाखविला, तेव्हा सुमारे साडेतीन कोटी लोकांनी तो पाहिला. वॉशिंग्टन राज्यातील एक कल्पित गाव. भोवती घनदाट अरण्य, लाकडाची गिरणी आणि एक धबधबा. एके सकाळी काठावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, लॉरा पामर नावाच्या शाळकरी मुलीचा मृतदेह सापडतो. तिला कोणी मारले, हा प्रश्न पुढे कित्येक महिने घरोघरी चर्चिला गेला. तपासाला आलेला डेल कूपर हा अधिकारी पुराव्यांइतकाच स्वप्नांवरही विश्वास ठेवणारा होता; त्यामुळे हेरकथेच्या वाटेने निघालेला प्रेक्षक नकळत पिशाचलोकाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचला.

या गूढाचा किती भाग योजनेतून आला आणि किती योगायोगातून, हे पाहण्यासारखे आहे. परदेशात स्वतंत्र चित्रपट म्हणून विकता यावा म्हणून पहिल्या भागाला एक वेगळा शेवट जोडण्यात आला होता. त्यासाठी चित्रित केलेली लाल पडद्यांची खोली पुढे मालिकेत कूपरचे स्वप्न म्हणून आली आणि सर्व रहस्याचे केंद्र बनली. म्हणजे कथा संपविण्यासाठी जे रचले, त्यातूनच ती अधिक खोल झाली! बॉब नावाचे जे पिशाच प्रेक्षकांना भिववीत राहिले, त्याचा जन्मही असाच. फ्रँक सिल्वा हा नेपथ्याची मांडामांड करणारा कर्मचारी. लॉराच्या खोलीत तो सामान हलवीत असताना लिंच यांना त्याला दृश्यात घेण्याची कल्पना सुचली आणि नंतर एका दृश्यात आरशात त्याचे प्रतिबिंब चुकून उमटले. ती चूक पुसून न टाकता लिंच यांनी तिलाच कथेत स्थान दिले.

परंतु वाहिनीला उत्तर हवे होते. दुसऱ्या पर्वात प्रेक्षक घटू लागले होते, शनिवारची रात्रही मालिकेला मानवली नाही. खुनी कोण, हे लवकर सांगण्याचा आग्रह वाढला आणि नोव्हेंबर १९९० मध्ये उत्तर मिळाले. बॉबने झपाटलेला लॉराचा बापच तिचा खुनी होता. वेताळ झाडावर परतला! ओहोटी थांबली नाही आणि १० जून १९९१ रोजी मालिका संपली, ती कूपरच्या देहात पिशाच शिरल्याचे दाखवून. सोन्याची अंडी देणारी कोंबडी आम्ही मारली, अशा अर्थाची खंत लिंच पुढे व्यक्त करीत राहिले.

मला मात्र यापेक्षा एक मोठी खंत वाटते. खुनी कोण, या कोड्यात रमलेल्या प्रेक्षकाला ती मुलगी कितपत आठवत होती? स्वतःच्या घरात, स्वतःच्या बापाकडून छळली गेलेली ती मुलगी! १९९२ साली लिंच यांनी तिच्या अखेरच्या दिवसांवर चित्रपट काढला. राहिलेल्या कोड्यांची उकल व्हावी म्हणून आलेल्यांना तेथे तिचे दुःखच पाहावे लागले आणि अनेकांना तो चित्रपट रुचला नाही. पिशाचावर दोष ठेवणे सोपे असते. बापाच्या चेहऱ्याकडे पाहणे कठीण.

२०१७ मध्ये मालिका अठरा नव्या भागांनी परतली. मधल्या पंचवीस वर्षांचे वार्धक्य नटांच्या चेहऱ्यांवर खरोखरीच आले होते. शेवटच्या प्रसंगी लॉराला घरी पोहोचविण्यासाठी कूपर तिच्या दारी येतो. तेथे परकीच माणसे राहत असतात. हे कोणते वर्ष, असे तो गोंधळून विचारतो. उत्तरादाखल ती किंकाळी फोडते आणि दिवे मालवतात. जानेवारी २०२५ मध्ये लिंच निवर्तले. उकल त्यांनी अखेरपर्यंत सांगितली नाही.

काही प्रेक्षकांना ही फसवणूक वाटली आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्याला काही हाती लागावेसे वाटणारच. तरी मला वाटते, उत्तर मिळाल्यावर आपण लॉराला एकदा विसरलो होतो; त्या किंकाळीनंतर तसे विसरता येत नाही. निरुत्तर झालेल्या राजाला खांद्यावरच्या प्रेताचा भार खरा जाणवला असेल, तो बहुधा त्या अखेरच्या मुक्या वाटचालीतच.