पायाचा खरा परीक्षक

वस्तू चांगली की वाईट, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? घडविणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा? जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

सज्जनहो, तेथील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना असे आढळले की, पाश्चात्त्य धाटणीचा कृत्रिम पाय मिळालेले रुग्ण काही काळाने तो टाकून पुन्हा कुबड्या घेतात. रुग्णांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. परंतु तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसासाठी घडविलेला होता. आपला शेतकरी मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, देवळात अनवाणी जातो, चिखलात उभा राहतो. त्या ताठ घोट्याला यांतले काहीच साधेना.

म्हणून १९६८च्या सुमारास रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित पण हिकमती कारागिराने सेठींच्या साथीने रबर व लाकूड यांचा नवा पाय सिद्ध केला. त्यासाठी टायर दुरुस्त करणाऱ्याची भट्टीही उपयोगी पडली. घोटा सर्व बाजूंना वळू लागला. बुटाची गरज उरली नाही. पाण्याचे भय गेले.

१९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार लाभला. कारागिराचे नाव मात्र मागेच राहिले. ही खंत उरतेच. तरी धडा स्पष्ट आहे: माणसाने वस्तूसाठी आपली बैठक मोडावी, हा न्याय नव्हे. वस्तूनेच माणसाच्या बैठकीला वळले पाहिजे.