चेंडू, ठोकळा आणि करंडा

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. कुंकवाचा गोल करंडा महाराष्ट्रातील मुलाच्या हाती केव्हा ना केव्हा पडतोच. उभा ठेवला तर तो स्थिर राहतो; आडवा झाला की गडगडू लागतो. चार वर्षांच्या मुलास ‘वृत्तचिती’ हा शब्द ठाऊक नसतो. तथापि तिचा हा गुण त्याच्या हातास कळलेला असतो. आधी वस्तू, मग शब्द, हे तत्त्व शाळांना पटण्यास मात्र फार काळ लागला.

जर्मनीत फ्रेबेल ह्यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असे नाव दिले. आपल्या साधनांस ते ‘देणग्या’ म्हणत. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन व वृत्तचिती ह्यांची. घन दोऱ्याने टांगून भरकन फिरविला, की त्याच्या उभ्या कडा दृष्टीआड होतात आणि डोळ्यांस वृत्तचितीचा भास होतो. गोल व घन ह्या दोन विरुद्ध आकृतींना सांधणारा दुवा मुलास असा प्रत्यक्ष दिसे.

१९०७ साली रोममध्ये बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी ह्यांनी स्पर्शास आणखी महत्त्व दिले. त्यांच्या पद्धतीत मूल डोळे बांधून घनाकृती चाचपते आणि ओळखते. १९३९ साली त्या मद्रासला आल्या व त्यांच्या पद्धतीचा भारतात पुष्कळ प्रसार झाला. परंतु ती रेखीव साधने महाग होती. भूमितीचा पहिला पाठ केवळ सुखवस्तू घरांतील मुलांनीच घ्यावा काय?

ह्या प्रश्नास कृतीने उत्तर दिले ते ताराबाई मोडक ह्यांनी. भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांच्यासह काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. तेथे शंख-शिंपले, खडे, बिया अशा भोवतालच्या वस्तूंचीच साधने झाली. आणि गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये चालू झाले. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

खडा काही निर्दोष गोल नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे. परंतु चेंडूशेजारी खडा ठेवला, की गोलाचे लक्षण अधिकच स्पष्ट होते. उतरत्या फळीवर चेंडू कसाही ठेवला तरी घरंगळतो, बांबूचे कांडे आडवे ठेवले तरच घरंगळते, ठोकळा मात्र फार तर घसरतो. सपाट जागी शंकू ढकलला, तर तो आपल्या टोकाभोवतीच फेर धरतो. एवढे पाहिल्यावर मुलाकडून ठोकळ्याच्या सहा बाजू, बारा कडा व आठ कोपरे बोट फिरवून मोजवून घ्यावेत. नावे त्यानंतर सांगावीत. पुस्तकातील घनाच्या सपाट चित्रात एका वेळी तीनच बाजू दिसतात. उरलेल्या तीन बाजूंची खात्री मुलास पटते, ती ठोकळा हातात घेऊन उलटून पाहिल्यावरच.