नगरवृक्षांचा सांभाळ

वाटेच्या कडेला झाड लावणे हे आपल्याकडे प्राचीन काळापासून पुण्यकर्म मानले गेले आहे. सम्राट अशोकाने वाटांवर विहिरी खणविल्याची व वृक्ष लावविल्याची नोंद आपल्या दुसऱ्या शिलालेखात केली आहे. त्याच सम्राटाचे लेख कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती येथेही मिळाले आहेत. परंतु लावलेल्या झाडाची पुढे निगा कोणी राखावयाची आणि ते जीर्ण झाले म्हणजे उतरवावयाचे कोणी, या प्रश्नांची उत्तरे पुण्याच्या कल्पनेत सापडत नाहीत. ती राज्यव्यवहारात शोधावी लागतात.

मराठी राज्यव्यवहाराने असे एक उत्तर दिले होते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार केलेला आहे. आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत. मात्र एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असल्यास धन्यास राजी करून व मोल देऊन ते तोडावे, असा त्याचा आशय आहे. रक्षण आणि तोड या दोन्ही गोष्टी एकाच नियमात बसविण्याचे शहाणपण येथे दिसून येते.

आधुनिक नगरांना हाच मेळ घालणे कठीण गेले. मुंबईचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटिश अमदानीत शहर वाढत गेले तसे रस्त्यांवर लवकर सावली देणारे वृक्ष लावण्याकडे कल झाला. मादागास्करचा गुलमोहोर आणि अमेरिका खंडातून आलेला वर्षावृक्ष हे त्यांपैकी प्रमुख होत. त्यांनी शहराला शोभा दिली यात शंका नाही. पण गुलमोहोराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात, तर वर्षावृक्षाचा विस्तार अफाट असतो. अरुंद पदपथावर, पावसाने सैल झालेल्या मातीत, अशा वृक्षांचा तोल राखणे हे नित्याच्या निगराणीचेच काम ठरते.

१९७५ मध्ये महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यान्वये वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी यांची योजना झाली आणि परवानगीवाचून झाड तोडणे हा अपराध ठरला. कर्नाटकानेही १९७६ मध्ये असाच कायदा केला. या कायद्यांमुळे कुऱ्हाडीला लगाम बसला. पण झाडाची शुश्रूषा केवळ मनाईने होत नाही.

मुंबई महानगरपालिकेने केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांहून अधिक झाडे आढळली. त्यांपैकी रस्त्यांच्या कडेची झाडे सुमारे १ लाख ८५ हजार होती, तर निम्म्याहून अधिक झाडे खासगी आवारांत होती. म्हणजे धोकादायक फांदी रस्त्यावर झुकलेली, बुंधा मात्र कुंपणाच्या आत, असा प्रसंग वारंवार येतो. परवानगी पालिकेची, खर्च मालकाचा आणि जीव मात्र खालून जाणाऱ्या पांथस्थाचा!

त्यात माणसाच्या घाईची भर पडते. केबलीसाठी चर खणताना मुळे तुटतात. तारांच्या सोयीसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या की झाड दुसऱ्या बाजूस कलते. बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडले की मुळांना पाणी व हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली. वारा प्रचंड होता हे खरे. तथापि दुबळ्या मुळांच्या झाडास कोसळण्यासाठी एवढा मोठा वारा लागतोच असे नाही.

दुसऱ्या बाजूस अविश्वासही वाढला. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. अशा घटनांनंतर साधी छाटणीही नागरिकांना तोडीची नांदी वाटते, आणि आक्षेपाच्या भयाने खरोखर पोकळ झालेले झाडही तसेच उभे राहते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या वृक्षांना वारसावृक्ष मानले आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. हा विचार स्तुत्य आहे. परंतु रोपांच्या संख्येने सावलीची भरपाई व्हावयास पुन्हा पन्नास वर्षेच लागतात.

सिमेंटचे रस्ते आता लहान गावांपर्यंत पोहोचले आहेत. बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरसारख्या सीमेवरील गावांना म्हणूनच मुंबईचा हा इतिहास परका नाही. महानगराने जे मोठ्या किमतीने शिकावयाचे, ते गावाला थोडक्यात साधता येईल. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवावी, पावसाळ्यापूर्वी जाणत्या हाताने तोल राखून छाटणी करावी, आणि जीर्ण झाड उतरविण्याचा निर्णय चारचौघांसमोर, कारण सांगून घ्यावा. झाड राखणे आणि वेळ आल्यावर ते उतरविणे ही दोन्ही एकाच जबाबदारीची अंगे होत, आणि त्यांपैकी एक सोडून दुसरे नीट पार पडत नाही.